गिअर शॉपचं शेड्यूल आणि जेनेटिक अल्गोरिदम: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून, सोमवार

आजपासून काम रीतसर सुरू. शॉपचं शेड्यूल जेनेटिक अल्गोरिदमने लावायचं, म्हणजे पुष्कळ शेड्यूल तयार करायची आणि चांगल्यांची सरमिसळ व थोडे बदल करत पिढी दर पिढी सुधारत न्यायची. आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत, गिअर आणि शाफ्टचं जॉबवर्क. ३१ मशिनी. सकाळी मोजलं तेव्हा ६२ ऑर्डरी हातात होत्या, त्यांची मिळून ४१२ ऑपरेशनं. फोर्जिंग येतं, टर्निंग होतं, हॉबिंग (दात कापणं), डीबरिंग (कडा साफ करणं), मग हीट ट्रीटमेंटसाठी माल चाकणला जातो, दोन दिवसांनी परत येतो, बोअर आणि ओडी (आतला आणि बाहेरचा व्यास) ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच. शाफ्ट असेल तर मध्ये स्प्लाइन किंवा की-वे. प्रत्येक ऑर्डरीचा रस्ता ठरलेला आहे. भांडण असतं ते मशीनपुढच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा याचं.

आजवर हे भांडण एकच माणूस सोडवत आलाय. काका २२ वर्षं प्लॅनिंग करतात. रोज पावणेसातला फळा पुसतात आणि प्रत्येक मशीनपुढे खडूने तीन-तीन जॉब लिहितात. फेब्रुवारीत ते आठवडाभर आजारी होते, तेव्हा फळा तसाच राहिला आणि डिस्पॅचचे हाल सगळ्यांनी पाहिले. या प्रकल्पाला मंजुरी तिथून मिळाली. मला त्यांचा फळा काढायचा नाही. तीन जॉबपर्यंत दिसणारी रांग पंधरा दिवसांपर्यंत दिसायला हवी, एवढंच.

काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, कॉम्प्युटरला हॉब बदलायला किती वेळ लागतो?" हॉब म्हणजे दात कापायचं हत्यार. आमच्या ईआरपीत, म्हणजे कारखान्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक सेटअपपुढे (पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्यापुढे) सरसकट ३० मिनिटं लिहिलेली आहेत. काका म्हणाले, तो आकडा कुणीतरी रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलाय.

७ जून, शुक्रवार

खऱ्या डेटाला हात लावण्याआधी कोड तपासायला जुने नमुने घेतले. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये तीन गणितं छापली: ६ जॉब ६ मशिनी, १० जॉब १० मशिनी, २० जॉब ५ मशिनी. सगळं काम संपायला लागणारा कमीत कमी वेळ अनुक्रमे ५५, ९३० आणि ११६५ एकक. यातलं दहा बाय दहाचं गणित विलक्षण चिवट निघालं. ९३० पेक्षा खाली जाताच येत नाही हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं, आणि ते कार्लिए आणि पिन्सन यांनी केलं. ऑपरेशनं किती, तर १००! एका मशीनपुढची दहा जणांची रांग ३६,२८,८०० प्रकारे लागते. अशा दहा मशिनी म्हणजे जवळजवळ ४ वर ६५ शून्यं. त्यातल्या पुष्कळ रांगा एकमेकींत अडकून बाद होतात हे खरं, पण उरतात त्याही मोजण्यापलीकडच्या. आमच्याकडे ४१२ ऑपरेशनं आहेत. एकेक शक्यता तपासायचा विचारच सोडून द्यायचा.

गुणसूत्राची, म्हणजे एक शेड्यूल ज्या माळेत लिहायचं तिची, मांडणी बीरविर्थ यांच्या १९९५ च्या पद्धतीने केली. ऑपरेशनचं नाव लिहायचंच नाही, फक्त जॉबचा नंबर लिहायचा, आणि जितकी ऑपरेशनं तितक्या वेळा लिहायचा. समजा माळ आहे २ १ १ ३ २ ३. पहिला २ म्हणजे दुसऱ्या जॉबचं पहिलं ऑपरेशन, पुढे पुन्हा २ आला की त्याचं दुसरं. ही माळ कशीही विस्कटली तरी हॉबिंगच्या आधी ग्राइंडिंग असला प्रकार होत नाही. मला ही कल्पना फार आवडते. चूक पकडायला पहारेकरी ठेवण्यापेक्षा चूक लिहिताच येणार नाही अशी भाषा निवडलेली आहे.

११ जून, मंगळवार

सहा बाय सहा लगेच ५५ वर आलं. त्याने काही सिद्ध होत नाही, ते कुणालाही येतं.

दहा बाय दहावर अडले. आधी साधा क्रॉसओव्हर लावला होता: दोन माळा मधोमध कापायच्या आणि तुकडे अदलाबदल करायचे. पोरांमध्ये काही जॉब जास्त वेळा येतात, काही कमी. दुरुस्ती करून घेतली, पण दुरुस्तीतच आईबापांकडून आलेलं सगळं पुसलं जातं. मग जॉबनुसार क्रॉसओव्हर लिहिला. काही जॉब निवडायचे, त्यांच्या जागा पहिल्या पालकाकडून जशाच्या तशा घ्यायच्या आणि उरलेल्या रिकाम्या जागा दुसऱ्या पालकाच्या क्रमाने भरायच्या. दुरुस्तीची गरज नाही, आणि "हा जॉब याच्या आधी" ही माहिती बरीचशी टिकते.

शंभरांची पिढी, ५०० पिढ्या, दहा वेळा वेगवेगळ्या सुरुवातीपासून. सर्वांत चांगलं उत्तर ९७२, मधलं ९९६. यापुढे दहांपैकी मधला आकडाच मुख्य धरणार आहे. कारखान्यात सकाळी एकदाच रन करायचा असतो. दहांतला सर्वोत्तम दाखवून कुणाला खूश करण्यात अर्थ नाही.

१४ जून, शुक्रवार

९९६ वर का अडकतं ते आज कळलं. म्युटेशनमध्ये, म्हणजे माळेत मुद्दाम केलेल्या छोट्या बदलात, मी माळेतले दोन आकडे अदलाबदल करत होते. पण शेजारचे दोन आकडे वेगवेगळ्या जॉबचे आणि वेगवेगळ्या मशीनवरचे असतील, तर अदलाबदलीनंतर शेड्यूल तेच राहतं. माळ नवी, वेळापत्रक जुनं. पिढीतल्या शंभर माळा वेगळ्या दिसत होत्या. मशीनवरच्या रांगांशी ताडून पाहिलं तर ऐंशीव्या पिढीपर्यंत वेगळी शेड्यूल फक्त ११ उरली होती. म्हणजे उत्क्रांती केव्हाच थांबलेली आणि मी आणखी ४२० पिढ्या यंत्र फिरवत होते.

दोन बदल केले. तेच शेड्यूल पुन्हा जन्माला आलं तर त्याला पिढीत जागा नाही. आणि प्रत्येक नव्या पोराला थोडी शिकवणी: शेवटच्या ऑपरेशनपासून मागे चालत गेलं की एक साखळी सापडते, जिच्यात एका मिनिटाचीही सैल जागा नाही. ही क्रिटिकल साखळी. तिच्याबाहेर कितीही हलवाहलव केली तरी एकूण वेळ कमी होऊच शकत नाही, कारण साखळी तशीच्या तशी राहते. म्हणून साखळीवरचे, एकाच मशीनवरचे शेजारी-शेजारीच बदलून पाहायचे. व्हॅन लारहोवन, आर्ट्स आणि लेन्स्ट्रा यांनी १९९२ मध्ये दाखवलं की असा एक बदल केल्याने शेड्यूल स्वतःतच अडकून पडत नाही, तेव्हा तपासणीही वाचते. दहांपैकी तीन रन ९३० वर, मधला आकडा ९३८.

प्रामाणिकपणे हेही नोंदवते की गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट सॉल्व्हर (अशी गणितं सोडवणारं तयार सॉफ्टवेअर) हेच गणित काही सेकंदांत सोडवतो, आणि ९३० च सर्वोत्तम असल्याचा पुरावाही देतो. मग जेनेटिक अल्गोरिदम कशाला? कारखान्याच्या डेटावर दोन्ही चालवून पाहीन आणि जे टिकेल ते ठेवीन.

२० जून, गुरुवार

साप्ताहिक सुट्टी. शॉप शांत. काकांना विनंती केली होती, ते दोन तासांसाठी आले आणि संध्याकाळपर्यंत थांबले. सेटअपच्या खऱ्या वेळा लिहून घेतल्या. हॉबिंगला मॉड्यूल (दाताचं माप) बदललं की हॉब बदलायचा: दीड ते दोन तास. मॉड्यूल तेच आणि फक्त दात बदलले, तर सीएनसीवर २५ मिनिटं, जुन्या मेकॅनिकल मशीनवर चेंज गिअर बदलायचे म्हणून ५०. सरळ दातांवरून हेलिकलवर जाताना आणखी वेळ. आधी कोणता जॉब होता आणि नंतर कोणता येणार, यावर सेटअप ठरतो. ईआरपीतल्या सरसकट ३० मिनिटांच्या जागी आता ६२ बाय ६२ चा तक्ता आहे, आणि काकांनी त्यातला एकही आकडा अंदाजे सांगितलेला नाही. जिथे खात्री नव्हती तिथे त्यांनी सेटरला फोन लावला.

२६ जून, बुधवार

खऱ्या डेटावर पहिला रन. डिकोडर, म्हणजे माळेवरून शेड्यूल रचणारा कोड, बदलला आहे: मशीन मोकळी झाली की समोर तयार असलेल्यांपैकी माळेत जो आधी, तो चढवायचा. मशीन रिकामी ठेवायचीच नाही. सरासरीने अशी शेड्यूल पहिल्या पिढीपासूनच चांगली दिसतात, आणि वरच्या साहेबांना थांबलेली मशीन बघवत नाही हेही एक कारण होतं.

शेड्यूल छापून काकांकडे नेलं. सगळं काम १३ दिवसांत संपत होतं, पूर्वी १६ लागले असते. काकांनी दोन मिनिटं पाहिलं. "ताई, शेवटचा जॉब कधी संपतो याच्याशी मला काय करायचंय? कुठल्या दिवशी कुठली गाडी भरायची ते सांगा." त्यांचं बरोबर होतं. ज्या ऑर्डरीवर ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबणार होती ती माझ्या शेड्यूलमध्ये चार दिवस उशिरा होती, आणि स्टॉकसाठीचे शाफ्ट पहिल्याच दिवशी तयार होते.

एकूण वेळ हा निकष टाकून दिला. आता प्रत्येक ऑर्डरीचा उशीर गुणिले तिचं वजन, या सगळ्यांची बेरीज. वजनं काकांनी दिली, १ ते १०.

१ जुलै, सोमवार

२८ ला देहूहून तुकोबांची आणि २९ ला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, काल दोन्ही पुण्यात पोचल्या. इकडचे रस्ते बंद, त्यामुळे हीट ट्रीटमेंटचा टेम्पो दोन दिवस आला नाही. शेड्यूलला हे ठाऊक नव्हतं. टेम्पो रोज संध्याकाळी ५ ला निघतो. ५ वाजून ५ मिनिटांनी तयार झालेला माल दुसऱ्या दिवशीच जातो. मी हीट ट्रीटमेंट म्हणजे ४८ तास एवढंच धरलं होतं. आता ती वेळापत्रक असलेली गाडी आहे, सुट्ट्यांच्या यादीसकट.

१२ जुलै, शुक्रवार

या नोंदीवर थोडा वेळ घालवते, कारण सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकवणारा दिवस हाच.

सकाळी १० ला मोठी हॉबिंग मशीन मोकळी झाली. समोर ४ मॉड्यूलच्या २४० गिअरची ऑर्डर तयार होती, सेटअप धरून ९ तासांचं काम. शेड्यूलप्रमाणे ती लगेच चढायची. काकांनी थांबवलं. मशीन सव्वा तास रिकामी ठेवली. सव्वाअकराला टर्निंगहून ३० गिअरची छोटी ऑर्डर आली, ती लावली, सव्वाला संपली, डीबरिंग होऊन ५ च्या टेम्पोत गेली. मग २४० वाली चढली आणि रात्री सव्वादहाला उतरली. तिची तारीख तशीही चार दिवसांनंतरची होती. शेड्यूल पाळलं असतं तर छोटी ऑर्डर संध्याकाळी ७ ला मशीनवर गेली असती, टेम्पो चुकला असता आणि पुढची सगळी साखळी एक दिवस घसरली असती.

संध्याकाळी पाहिलं की माझ्या अल्गोरिदमला हे कधीच सुचलं नसतं. पिढ्या लाख केल्या तरी नाही. मशीन मोकळी आणि काम तयार असताना थांबायचं, ही शक्यता मी डिकोडरमधूनच काढून टाकली होती. कधीच न थांबणाऱ्या शेड्यूलांच्या घोळक्यात सर्वोत्तम शेड्यूल असेलच असं नाही, हे कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

रात्री डिकोडर गिफ्लर-थॉम्पसनच्या १९६० च्या पद्धतीवर नेला. सगळ्यांत लवकर संपू शकेल असं ऑपरेशन शोधायचं, त्याची मशीन धरायची, आणि त्या संपण्याच्या वेळेआधी त्या मशीनवर सुरू होऊ शकतील असे सगळे जॉब उमेदवार मानायचे. निवड गुणसूत्राने करायची. सव्वा तासाने येणारी छोटी ऑर्डर आता उमेदवारांत बसते. सेटअपचे वेळ नसते तर सर्वोत्तम उत्तर या 'ॲक्टिव्ह' शेड्यूलांत नक्की सापडतं. आमच्याकडे सेटअप आहेत, तेव्हा ती हमी मिळत नाही, पण दार तरी उघडं झालं. आजचाच डेटा पुन्हा चालवला. १८० व्या पिढीत मशीन सव्वा तास थांबवणारं शेड्यूल वर आलं.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि विचारलं, "हे त्यानं स्वतः काढलं?" मी हो म्हटलं. मग ते बराच वेळ बाकीच्या मशिनी बघत बसले.

२४ जुलै, बुधवार

आठवडाभर शेड्यूल सकाळी बरोबर आणि दुपारी चूक निघतंय. कारण साधं होतं: सकाळी ७ ला पाच मशिनींवर एकदम सेटअप. सेटर पहिल्या पाळीत तीन, त्यातले हॉबिंग येणारे दोन. प्लॅन पाच हातांचा आणि माणसं दोन. मशिनी सगळ्या मोजल्या होत्या, माणसं मोजलीच नव्हती.

सेटर आता डिकोडरमध्ये आहेत, प्रत्येकाच्या पाळीसह आणि कुणाला काय येतं त्यासह. एक सेटअप सुरू करायला मशीन आणि सेटर दोन्ही मोकळे हवेत. रनचा वेळ दुप्पट झाला, ५०,००० शेड्यूल तपासायला नऊ मिनिटं. चालेल. ११ जूननंतर क्रॉसओव्हरच्या कोडची एक ओळही मी बदललेली नाही. सगळी सुधारणा डिकोडरमध्ये होते आहे, आणि तिथली प्रत्येक नवी ओळ शॉपमधून कुणीतरी सांगितलेली आहे.

सीपी-सॅटची तुलनाही आज संपवली. मला जमेल तसं सगळं मॉडेल त्यात बसवलं. एका पाळीचं काम असेल तर तो सरस, शंका नाही. पंधरा दिवस, सेटअपचा तक्ता, टेम्पो आणि सेटर सगळे एकत्र आले की दहा मिनिटांत मिळणारं त्याचं उत्तर आमच्या मधल्या आकड्यापेक्षाही मागे राहतं. दोन्ही ठेवले. शेवटी निवडलेल्या शेड्यूलची पहिली पाळी सॉल्व्हरकडून घासूनपुसून घ्यायची.

९ ऑगस्ट, शुक्रवार

हॉबिंगच्या ऑपरेटरने आज वैतागून सांगितलं, "काल सांगितलं म्हणून फिक्श्चर काढून ठेवलं, आज दुसराच जॉब." फिक्श्चर म्हणजे जॉब मशीनवर घट्ट धरणारी पकड. तपासलं. काल आणि आज यांच्या डेटात फक्त चार गोष्टी बदलल्या होत्या. तरी ३१ पैकी १९ मशिनींवरचा पहिला जॉब बदललेला. आणि कालचंच शेड्यूल पुढे रेटलं असतं तर? उशिराच्या आकड्यात दोन टक्क्यांचाही फरक पडला नसता. या पठारावर जवळजवळ सारख्या उंचीची हजारो शेड्यूल आहेत, आणि अल्गोरिदम रोज वेगळ्या टेकाडावर जाऊन उभा राहतो. त्या दोन टक्क्यांसाठी माणसांनी रोज फिक्श्चर आणि हॉब शोधत फिरायचं हा अन्याय आहे.

तीन बदल. पहिल्या दोन पाळ्या गोठवल्या, तिथे फक्त काका हात लावतील. त्यापुढच्या दोन दिवसांत कालच्यापेक्षा जेवढे क्रम उलटतील तेवढा दंड. आणि रोजची पहिली पिढी कोरी नसेल: कालचं शेड्यूल, तारखेनुसार लावलेलं एक, कमी वेळाचं काम आधी असं एक, त्यांची थोडी बदललेली भावंडं, मिळून दहा टक्के, बाकी नव्वद टक्के यादृच्छिक. तीस टक्के करून पाहिलं, तर त्या घराण्याने विसाव्या पिढीतच सगळ्यांना गिळलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या जॉबमधले बदल रोजचे ३ ते ५ वर आले. ऑपरेटर काही बोलला नाही, फक्त फिक्श्चर आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेलं दिसलं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

उशीर कमी करायचा की सेटअप? एकाच बेरजेत दोन्ही घालायचे तर वजन कोण ठरवणार? काकांना विचारलं तर म्हणाले, "ते त्या दिवशीच्या माणसांवर असतं." म्हणून बेरीज सोडली आणि एनएसजीए-टू लावला. कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये घडवलेली ही पद्धत, तिचा मुख्य लेख २००२ चा. ज्या शेड्यूलपेक्षा दोन्ही बाबतींत सरस असं दुसरं नाही, अशी सगळी शेड्यूल ती पुढे आणते, आणि ती एका कोपऱ्यात गर्दी करणार नाहीत याची काळजी घेते. आपल्या देशातल्या एका संस्थेत तयार झालेली गोष्ट भोसरीच्या शॉपमध्ये चालवताना मला अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते.

काकांसमोर तीन कागद ठेवले: कमीत कमी उशीर पण ४६ तास सेटअप, मधला, आणि ३१ तास सेटअप पण दोन ऑर्डरी एक दिवस उशिरा. त्यांनी मधला उचलला. त्या दोन ऑर्डरींपैकी एकीच्या ग्राहकाला फोन केला, त्याला एक दिवस चालणार होता, आणि मग तिसरा कागद उचलला. तो फोन कुठल्याच कोडमध्ये नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

७ सप्टेंबरला गणपती. तीनपैकी दोन सेटर कोकणातले, ५ ते १२ गावी. त्यांच्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये भरल्या आणि रन सोडला.

जे आलं ते पाहून मी पुन्हा एकदा चालवलं, वेगळ्या सुरुवातीपासून. दोन्ही वेळा तेच. ४ तारखेपर्यंत छोट्या ऑर्डरी आणि वारंवार बदलणारे मॉड्यूल उरकून घ्यायचे, आणि ४ ला संध्याकाळी प्रत्येक हॉबिंग मशीनवर एकेक लांब बॅच लावून ठेवायची, जी सेटरशिवाय तीन-चार दिवस चालत राहील. असा कोणताही नियम मी लिहिलेला नव्हता.

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. गेल्या वर्षीच्या ऑगस्टच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: "गणपतीआधी लहान काम काढणे. लांब बॅच ४ मशीन." मशिनींपैकी तीन त्याच. चौथी वेगळी होती, कारण गेल्या वर्षी ती मशीन आलेलीच नव्हती.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सेटर परतले. मधल्या आठवड्यात हातात ५८ ऑर्डरी होत्या, उशीर झाला ६ ना, त्यांतल्या दोन फोर्जिंगच आलं नाही म्हणून. गेल्या वर्षी याच आठवड्यात किती झाल्या होत्या याची नोंद कुणी ठेवलेली नाही, तेव्हा तुलना करत नाही. पुढच्या वर्षी करता येईल.

काका अजूनही फळ्यावर खडूनेच लिहितात, कागद डाव्या हातात धरून. आज त्यांनी ग्राइंडिंगचे दोन जॉब वरखाली केले. विचारलं तर म्हणाले, सोमवारी ग्राहकाचा इन्स्पेक्टर येतोय, त्याच्यासमोर हे गिअर सीएमएमवर (मापं तपासायच्या मशीनवर) हवेत. इन्स्पेक्टरच्या भेटी त्यांच्या डायरीत असतात. उद्या त्या तारखा लिहून घेते. शिवाय सीएमएम मशिनींच्या यादीत अजून घेतलेलीच नाही, तीही घालायची आहे.